ब्यूफायटर : रात्रीचे विमान नव्याने घडवताना

दुसऱ्या महायुद्धातले इंग्रजांचे लढाऊ विमान म्हटले की बहुतेक वाचकांना स्पिटफायर आठवते. निमुळते, देखणे, एकट्या तरुण वैमानिकाचे विमान. त्याच्यावर पुस्तके झाली, चित्रपट झाले. आज आम्ही ज्या विमानाविषयी लिहिणार आहोत ते देखणे नव्हते. त्याची दोन इंजिने नाकाच्याही पुढे आलेली, अंग आखूड, आणि एकंदर थाट रेड्यासारखा. त्याचे नाव ब्रिस्टल ब्यूफायटर. ज्या कामामुळे ते प्रथम नावाजले ते काम काळोखात चाले, म्हणून त्या कामाची छायाचित्रेही फारशी नाहीत.

परिचारिकेने विमानांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण आमचा भाचा. तो आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इथेच जन्मलेला, संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. दिवसभर संगणकापुढे बसून त्याचे समाधान होत नसावे, कारण शब्बाथ सुटला की तो पुन्हा संगणकापुढेच बसतो. तो आणि त्याचे दोन मित्र, एक इंग्लंडात व एक ऑस्ट्रेलियात, गेली दोन वर्षे मिळून ब्यूफायटर घडवीत आहेत. लोखंडाचे नव्हे, फ्लाइट सिम्युलेटरमधले.

ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान चालविण्याचा हुबेहूब भास देणारी संगणकातली योजना. पडद्यावर वैमानिकाची जागा, घड्याळे, खिडकीबाहेरचे आकाश दिसते. हातात दांडा, पायाखाली पट्ट्या. दांडा ओढला की क्षितिज खाली जाते. ब्रूस आर्टविक या अमेरिकन तरुणाने १९७९ साली घरगुती संगणकासाठी असा पहिला खेळ विकायला काढला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावावर बाजारात आणला. तेव्हा चार रेघांचे डोंगर दिसत. आता नदीकाठची झाडेसुद्धा दिसतात. अशा योजनेत तयार विमाने असतातच, पण जगभरचे हौशी लोक आपल्या आवडीची जुनी विमाने स्वतः घडवून तीत घालतात. हे काम ते फुकट करतात आणि एखाद्या संशोधकासारखे भांडून करतात. एका खिळ्याच्या जागेवरून तिघांत आठवडाभर पत्रव्यवहार झालेला आम्ही पाहिला आहे.

एकदा हा भाचा आमच्याकडे जेवायला आला असता म्हणाला, "मावशी, विमान जमलं, पण रात्र जमत नाही." आमची अर्धी नोकरी रात्रपाळीत गेली, तेव्हा या वाक्याने आमचे कुतूहल जागे झाले. रात्र का जमत नाही हे समजून घ्यायला आधी त्या विमानाची कथा कळली पाहिजे.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात दिवसाची लढाई झाली, आणि सप्टेंबरपासून जर्मन विमाने रात्री येऊ लागली. दिवसा जी स्पिटफायर व हरिकेन विमाने भारी पडत, ती रात्री आंधळ्यासारखी फिरत. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरावर साडेचारशेच्या आसपास बॉम्बफेकी विमाने आली. चांदणे लख्ख होते. इंग्रज लढाऊ विमानांनी त्या रात्री शंभरावर उड्डाणे केली, आणि एकही शत्रूविमान त्यांच्या हाती लागले नाही. शहरात पाचशेहून अधिक माणसे मेली. मे १९४१ पर्यंत चाललेल्या या रात्रींच्या माऱ्यात सर्व इंग्लंडभर ४०,००० हून अधिक नागरिक मेले.

किनाऱ्यावरच्या रडारला शत्रू येताना दिसे, पण तो समुद्राकडे पाहणारा डोळा. देशात शिरलेल्या विमानाच्या मागे तो वळू शकत नव्हता. शिवाय रडारने "अमुक ठिकाणी आहे" म्हणून सांगितले तरी त्यात दोन-चार मैलांची चूक असे. दिवसा चार मैलांवरचे विमान नजरेला पडते. रात्री तीनशे मीटरवरचे दिसले तर नशीब. उरलेले हे चार मैल कोण भरून काढणार? त्यासाठी विमानातच एक लहान रडार बसवायचे ठरले. ते यंत्र जड होते, त्याला वीज लागे, आणि ते वाचायला एक स्वतंत्र माणूस लागे. म्हणजे विमान दोन इंजिनांचे, दोन माणसांचे आणि तरीही वेगवान हवे. ब्रिस्टल कंपनीतल्या लेस्ली फ्रीझ यांच्या तुकडीने आपल्याच ब्यूफोर्ट नावाच्या पाणतीर टाकणाऱ्या विमानाचे पंख, शेपूट आणि चाके घेतली, त्यांना नवे सडसडीत धड जोडले, हर्क्युलीस नावाची दोन थोरली इंजिने लावली आणि १७ जुलै १९३९ रोजी पहिले ब्यूफायटर उडविले. जुन्या पातळाचे नवे परकर शिवावेत तसा प्रकार. पण परकर चांगला निघाला. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पुढे पंखांत सहा मशीनगन. तेव्हाच्या इंग्रज लढाऊ विमानांत इतकी शस्त्रे दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

आता मागच्या माणसाकडे वळू. ब्यूफायटरमध्ये वैमानिक पुढे, आणि रडार पाहणारा ऑपरेटर त्याच्यापासून बराच मागे, काचेच्या एका लहान घुमटाखाली. एकमेकांचे तोंड दिसत नाही. कानातल्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाचाच आधार. ऑपरेटर रबराच्या मुखवट्यात तोंड घालून दोन छोट्या गोल पडद्यांकडे पाहत असे. चित्रपटांत दाखवतात तसा फिरता काटा आणि चमकते ठिपके त्यात नव्हते. प्रत्येक पडद्यावर एक हिरवट उजेडाची रेघ. पुढे विमान असले की रेघेवर एक फुगवटा उमटे. एका पडद्यावर हा फुगवटा रेघेच्या डावीकडे जास्त की उजवीकडे जास्त यावरून शत्रू डावा की उजवा ते कळे. दुसऱ्या पडद्यावर वर की खाली ते कळे. रेघेवर फुगवटा किती दूर, त्यावरून अंतर. हे सारे तो मनात जुळवी आणि पुढच्याला सांगे : डावीकडे, आणखी डावीकडे, सरळ, वेग कमी कर.

या यंत्राला एक मोठी अडचण होती. त्याच्या लहरी जमिनीवरही आपटून परत येत आणि पडद्याचा एक भाग पांढऱ्या गोंधळाने भरून जाई. विमान १५,००० फुटांवर असेल तर १५,००० फुटांपलीकडचे काहीही त्या गोंधळात बुडे. म्हणजे जितकी उंची तितकीच नजर. आणि अगदी जवळ, काही शे फुटांच्या आत, यंत्र पुन्हा आंधळे होई. या दोन आंधळेपणांच्या मधल्या फटीत सारा शोध चाले.

२२ जुलै १९४० च्या रात्री ब्लेनहाइम जातीच्या विमानाने या रडारच्या साहाय्याने पहिला शत्रू पाडला. ब्यूफायटरला यश मिळायला नोव्हेंबर उजाडला. जॉन कनिंगहॅम व जॉन फिलिपसन या जोडीने १९ नोव्हेंबरच्या रात्री एक युंकर्स ८८ पाडले. पुढे कनिंगहॅमच्या मागच्या जागेवर जिमी रॉन्सली बसू लागले आणि या जोडीचे नाव झाले. म्हणजे, नाव कनिंगहॅमचे झाले. रडारचे गुपित फुटू नये म्हणून सरकारने वर्तमानपत्रांत "मांजरडोळ्या कनिंगहॅम" अशी जाहिरात केली, आणि गाजरे खाल्ल्याने रात्री दिसते अशी आवई उठू दिली. गाजरांचे पीक त्या वर्षी उदंड होते, तेही खपले. आपल्याकडे कोकणात रातांधळे झालेल्याला पालेभाजी व कलेजी खायला सांगत, ते बरोबरच आहे. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रात्रीची दृष्टी जाते. पण ज्याला ते पुरेसे मिळते त्याने टोपलीभर गाजरे खाल्ली तरी त्याला मांजराचे डोळे येत नाहीत. जर्मनांकडे स्वतःची रडारे होती; ते या थापेला फसले असतील असे आम्हांला वाटत नाही. फसली ती इंग्लंडातली मुले, आणि ती अजून फसतात. कनिंगहॅम यांना स्वतःला ते टोपणनाव मुळीच आवडत नसे. त्यांनी २० विमाने पाडली, त्यांतली १९ रात्री, आणि त्यांपैकी बहुतेक वेळा रॉन्सली मागे होते. डॉक्टरचे नाव केसपेपरवर असते. रात्री तीन वाजता नाडी कोणी पाहिली ते लिहायला केसपेपरवर जागा नसते. असो.

जानेवारी १९४१ पासून जमिनीवर नव्या तऱ्हेची रडारे उभी राहिली. त्यांच्या गोल पडद्यावर नकाशासारखे सारे दिसे. हे पडदे वाचण्याचे काम पुष्कळ ठिकाणी वायुदलातल्या मुली करीत. जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाला शत्रूच्या मागे दोन-तीन मैलांवर आणून सोडी, आणि मग मागचा ऑपरेटर सूत्रे हाती घेई. जानेवारीत रात्री पाडलेली विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती; मे महिन्यात लढाऊ विमानांनी शंभराच्या घरात पाडली. तरीही १० मेच्या एका रात्रीत लंडनमध्ये १,४३६ माणसे मेली, हे विसरून चालणार नाही. नंतर जर्मन सैन्य रशियाकडे वळले आणि मारा थंडावला. रडारने इंग्लंड वाचविले असे लिहिणारे लेखक ही गोष्ट घाईने ओलांडतात.

आता भाच्याच्या कामाकडे येऊ. ब्यूफायटर ५,९०० च्या आसपास बनली, पण आज उडण्याच्या स्थितीत एकही नाही. लंडनमध्ये हेंडनच्या संग्रहालयात एक आहे, अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन येथे एक आहे, आणखी थोडी इकडेतिकडे. मित्रांनी हेंडनला जाऊन छायाचित्रे काढली. वैमानिकांसाठी सरकारने छापलेली छोटी पुस्तिका मिळाली. तीत कोणत्या वेगाला चाके वर घ्यावीत, इंजिन किती तापू द्यावे, सारे आहे. तेवढ्यावरून बाहेरचे रूप आणि उडण्याची तऱ्हा बरीच साधली. जमिनीवरून उठताना ब्यूफायटर एका बाजूला जोराने वळू पाहत असे, तो द्वाडपणाही त्यांनी आणला. हर्क्युलीस इंजिनात नेहमीच्या झडपांऐवजी सरकत्या नळ्या होत्या, म्हणून समोरून ऐकणाऱ्याला आवाज कमी येई. जपानी लोक त्याला "कुजबुजता मृत्यू" म्हणत अशी एक कथा सांगतात. ते नाव इंग्रज अधिकाऱ्यांच्याच मेसमध्ये निघाले असावे, असे जाणकार म्हणतात.

इथपर्यंत ठीक. अडचण आली तोफांशी. सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये प्रत्येक तोफेला ६० गोळ्यांचे एक गोल डबडे असे. ते संपले की मागच्या ऑपरेटरने आपली जागा सोडून, काळोखात, जाड कपडे आणि प्राणवायूची नळी सांभाळत, हलत्या विमानात ते जड डबडे उतरवून दुसरे चढवायचे. आणि हे करताना पडद्यावरचा शत्रू निसटायचा. सिम्युलेटरमध्ये मात्र एक कळ दाबली की तोफा भरतात. भाच्याने वाद घातला की डबडे बदलायला लागे तेवढा वेळ मागचे पडदे बंद ठेवायचे. ऑस्ट्रेलियातला मित्र म्हणाला, खेळणारे वैतागतील. आमचे मत विचारले तेव्हा आम्ही भाच्याची बाजू घेतली. वैताग हाच त्या जागेचा इतिहास आहे.

मग पडदे. पहिल्या खेपेला त्यांनी रेघ काढली ती स्वच्छ, आणि तिच्यावर एक नीटस फुगवटा. आम्ही ते पाहिले आणि हसू आले. रुग्णालयात हृदयविभागात आम्ही कितीतरी रात्री हिरव्या रेघेपुढे काढल्या आहेत. खऱ्या रेघेला गवत उगवलेले असते. ती थरथरते, सरकते, शेजारी कोणी यंत्र लावले की उड्या मारते. रोग्याने नुसते दात घासले तरी हृदय बंद पडल्यासारखे चित्र उमटते, आणि नवी मुलगी धावत सुटते. अनुभवी नर्स आधी रोग्याकडे पाहते. पण ब्यूफायटरच्या ऑपरेटरला रोग्याकडे पाहण्याची सोय नव्हती. त्याच्याजवळ रेघच तेवढी. त्या गवतातला कोणता काडीभर उंचवटा खरा, हे ठरविणे हेच त्याचे कसब. हे आम्ही भाच्याला सांगितले, त्यानंतर त्याने जमिनीवरून येणारा गोंधळ उंचीप्रमाणे मोजून घातला, रेघेला थरथर दिली. आता त्या पडद्यावर शत्रू शोधायला नवख्याला अर्धा तास लागतो. तक्रारी येतील, पण ते खरे आहे.

आणि गंमत अशी की हे काम युद्धकाळात एकदा झालेले आहे. खऱ्या विमानात बसवून शिकवायला ना विमाने पुरेशी होती ना पेट्रोल, म्हणून रडार ऑपरेटरांना जमिनीवरच्या नकली यंत्रांवर शिकवीत. अशी नकली यंत्रे बनविणाऱ्या इंग्रज सरकारी प्रयोगशाळेतल्या तुकडीचे प्रमुख जेफ्री डमर होते. रडार शिकविण्याची सत्तरहून अधिक तऱ्हांची यंत्रे त्या तुकडीने बनविली. त्यांच्या तारा, नळ्या व दिवे सारखे बिघडत. याच डमर यांनी मे १९५२ मध्ये वॉशिंग्टन येथील एका परिषदेत असा विचार मांडला की विजेच्या यंत्राचे सारे भाग एकाच घन तुकड्यात, मध्ये तारा न जोडता, बनविता येतील. आज ज्याला चिप म्हणतात तिची ही पहिली जाहीर कल्पना. त्यांच्या सरकारने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि ती प्रत्यक्षात अमेरिकेत उतरली. भाच्याचा संगणक अशाच चिपांवर चालतो.

तरी रात्र जमत नव्हती, त्याचे कारण डोळा. उजेडातून काळोखात गेल्यावर माणसाच्या डोळ्याला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी मधोमध नसतात, कडेला असतात. म्हणून काळोखात एखादी वस्तू पाहायची तर तिच्याकडे थेट न पाहता थोडे बाजूला पाहावे लागते. रात्रपाळीच्या वैमानिकांना हे मुद्दाम शिकवीत. त्यांच्या घड्याळांचे दिवे मंद ठेवीत, बंदुकीच्या नेमाचा दिवाही मंद. शत्रूच्या खाली जाऊन वर पाहायचे. तारे झाकणारा एक काळा आकार आणि इंजिनाच्या धुराड्याची विझत्या निखाऱ्यासारखी लाली, एवढेच दिसे. तोफा सुटल्या की त्यांच्याच झगमगाटाने डोळे दिपत आणि सराव पुन्हा शून्यावर येई.

संगणकाचा पडदा काळा दाखवतो तेव्हाही तो थोडा उजळतच असतो. खोलीत फ्रिजचा दिवा, रस्त्याचा दिवा, मोबाइल. आमच्या पिढीने काळोख पाहिला आहे. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता तेव्हा आम्ही शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगविलेले, आणि कुठे फट राहिली तर खालून ओरडा. त्या आठवड्यांत भायखळ्याच्या आमच्या गॅलरीतून तारे दिसले, ते आम्ही एरवी आजोळी गेल्यावरच पाहत असू. तो काळोख विकत मिळत नाही. शेवटी भाच्याने एक तोडगा काढला : वैमानिकाच्या खोलीतला दिवा कोणी वाढविला की पुढची वीस मिनिटे बाहेरचे विमान पडद्यावर उमटतच नाही. यंत्राला डोळ्यासारखे रुसायला शिकविले म्हणायचे.

या विमानाचा आपल्या जन्मदेशाशीही संबंध आला, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २० डिसेंबर १९४२ पासून जपानी विमाने कलकत्त्यावर रात्री बॉम्ब टाकू लागली. मारा लंडनच्या मानाने लहान होता, पण लाखो लोक शहर सोडून निघाले; गोदीतले मजूर गेले, सफाई करणारे गेले. तेव्हा इजिप्तमधून रडार असलेली ब्यूफायटर तातडीने डमडमला आणली. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री सार्जंट प्रिंग या वैमानिकाने चारेक मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमाने पाडली. चार दिवसांनी क्रॉम्बी या ऑस्ट्रेलियनाने आपले एक इंजिन पेटलेले असताना लढाई न सोडता आणखी विमाने पाडली आणि मग छत्रीने उडी घेतली. शहराला धीर आला. कलकत्त्यात तेव्हा बगदादी यहुद्यांची वस्ती होती, आणि रेल्वे-पोस्टात नोकरीला आपली बेने इस्राएल माणसेही हिंदुस्थानभर पसरलेली होती. प्रिंग त्याच वर्षी ५ डिसेंबरला मारला गेला. भाच्याचा ऑस्ट्रेलियातला मित्र क्रॉम्बीच्या विमानाचा रंग तयार करीत आहे.

रंगावरून एक प्रसंग झाला तो सांगितला पाहिजे. शिकाऱ्याबरोबर शिकारही लागते. सिम्युलेटरमधले हाइंकेल १११ हे जर्मन विमान दुसऱ्या कोणा हौशी माणसाने आधीच घडविलेले होते, ते यांनी घेतले. त्याच्या शेपटीवर स्वस्तिक नव्हते. जर्मनीत त्या चिन्हावर कायद्याने बंदी आहे. २०१८ पासून खेळांना तपासून सूट मिळू शकते, पण बहुतेक जण भानगड नको म्हणून ते गाळतात. भाच्याला प्रश्न पडला की आपण ते काढावे का. घरात थोडी वादावादी झाली. बहीण म्हणाली, आपल्या घरातल्या पडद्यावर ते नको. आपल्याला आणखी एक अडचण, की हिंदुस्थानात शेजारणीच्या उंबऱ्यावर रांगोळीत ते चिन्ह शुभ म्हणून पाहत आपण वाढलो.

युरोपातला संहार आपल्या समाजाने अंगावर झेलला नाही. पण या देशात परिचारिका म्हणून काम करताना आम्ही सलाइनची सुई लावायला म्हाताऱ्या माणसांची बाही वर केली आहे आणि तिथे निळे आकडे पाहिले आहेत. अशी एक आजीबाई रात्री दिवा मालवू देत नसे. वॉर्डचा नियम दिवा मालवण्याचा. आम्ही तिच्या खाटेभोवती पडदा ओढून आत दिवा ठेवीत असू. आमचे मत असे पडले, आणि ते आम्ही स्पष्ट सांगितले, की चिन्ह काढावे. खिळ्याच्या जागेवरून आठवडाभर भांडणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट गाळली, तर ते विमान कोणाचे होते हे उद्याच्या मुलाला कळणार नाही. ते आता शेपटीवर आहे.

पण मग दुसराही प्रश्न आम्हीच काढला. त्या हाइंकेलमध्ये पाच माणसे असत. युंकर्समध्ये चार. विमान पेटले की पडद्यावर आग दिसते, कोपऱ्यात एक आकडा वाढतो. आत कोणी आहे का? भाचा म्हणाला, छत्र्या उघडताना दाखवता येतात. आम्ही म्हटले, दाखवा. आणि जितके आत होते तितक्या छत्र्या उघडू नका. जर्मन बॉम्बने मेलेल्यांसाठी आम्हांला दुःख आहे, आणि तो बॉम्ब टाकणारा एकवीस वर्षांचा मुलगाही जळाला हे आम्ही विसरू शकत नाही. भाजलेला माणूस ज्याने ड्रेसिंग करताना पाहिला आहे त्याला हे समजावे लागत नाही. पुढे जर्मन रात्रीच्या विमानांनी हेच कसब वापरून इंग्रज बॉम्बफेकी विमाने पाडली. इंग्रजांच्या बॉम्बर दलाचे ५५,५७३ लोक त्या युद्धात मेले, त्यांतले पुष्कळ असेच, मागून आणि खालून आलेल्या कोणाला न पाहताच.

ब्यूफायटर आपल्या इस्रायलमध्येही आले. १९४८ साली विमाने विकत मिळेनात, तेव्हा इंग्लंडात काही जुनी ब्यूफायटर विकत घेऊन, न्यूझीलंडच्या वैमानिकांवर चित्रपट काढायचा आहे अशी बतावणी करण्यात आली. विमाने छायाचित्रणासाठी म्हणून उडाली ती परत उतरलीच नाहीत. चार इस्रायलला पोचली. रामात दावीदहून ती दिवसा लढली, त्यांच्यात रात्रीचे रडार नव्हते. २० ऑक्टोबर १९४८ रोजी इराक सुवेदानच्या किल्ल्यावर हल्ला करताना त्यांतले एक पडले, त्यात फिचेट, शुगरमन व अँड्रूज हे परदेशातून आलेले तीन स्वयंसेवक मेले. भाच्याच्या विमानाला हा इस्रायली रंगही मिळणार आहे, रडारच्या काड्या वगळून.

रात्रीची खरी लढाई आपल्या वायुदलाने आठ वर्षांनी केली, ब्यूफायटरच्या वारसाने. २८ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री, सिनाईचे युद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, इजिप्तचे वरिष्ठ लष्करी अधिकारी घेऊन एक इल्यूशिन विमान दमास्कसहून कैरोला निघाले होते. योआश त्सिदोन वैमानिक आणि एल्याशिव ब्रोश मागे रडारवर, अशी जोडी मीटिअर जातीच्या रात्रीच्या विमानातून समुद्रावर गेली. ब्रोश यांनी पडद्यावर ते हुडकले. मग अगदी जवळ जाऊन, डोळ्यांनी ओळख पटवून, त्सिदोन यांनी गोळ्या झाडल्या. तोफांच्या झगमगाटाने त्यांचेही डोळे दिपले, एक तोफ अडकली, आणि मंद चालणाऱ्या इल्यूशिनमागे राहायचे तर मीटिअरचा वेग इतका कमी करावा लागला की ते स्वतःच पडायच्या बेताला आले. इल्यूशिनमधले कोणी वाचले नाही. ही हकीकत १९८९ पर्यंत गुप्त होती. १९४० च्या ब्यूफायटरमधले सारे काही तिच्यात आहे : रडारचा पडदा, मागचा आवाज, शेवटचे काही शे फूट.

भाच्याचे विमान आता जवळपास तयार आहे. पुढे एक आणि मागे एक, असे दोघे दोन घरांतून दोन संगणकांवर बसून ते चालवू शकतात. एकट्याने खेळणाऱ्यासाठी मागे यंत्राचा आवाज ठेवावा की नाही यावर तिघांचे अजून एकमत नाही. इंग्लंडातला मित्र म्हणतो ठेवावा. भाचा म्हणतो, मागे माणूस नसेल तर पडदे बंद, मग वैमानिकाने काळोखात हवे तेवढे फिरावे.

बेर शेवाच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. जवळच हात्झेरीम येथे वायुदलाचे संग्रहालय आहे, तिथे रात्रीच्या कामाचे मीटिअर उभे आहे. नातवंडांना घेऊन जाल तेव्हा ती पुढच्या जागेकडे बोट दाखवतील. त्यांना मागची जागाही दाखवा. तिथून बाहेरचे किती थोडे दिसते ते त्यांनाच पाहू द्या.